दाइकाई स्टेशनचे खांब

१७ जानेवारी १९९५. जपानमधलं कोबे शहर. पहाटेचे ५ वाजून ४६ मिनिटं. जमीन हादरली आणि एका मोठ्या रस्त्याचा मधला पट्टा बघता बघता खचला, कुठे कुठे तर अडीच मीटर. त्या रस्त्याखाली होतं दाइकाई हे भुयारी रेल्वे स्टेशन.

जमिनीखालच्या बांधकामाला भूकंपाची फारशी भीती नाही, असंच तोवर बहुतेकांना वाटायचं. त्यात तथ्यही आहे. तळघर उंच इमारतीसारखं डोलत नाही, आणि खोल जावं तसा धक्का कमी होतो. आपलं आयएस १८९३ हे भूकंपरोधक बांधकामाचं मानकसुद्धा ३० मीटर किंवा त्याहून खोल पायासाठी निम्माच धक्का धरू देतं. पण पार्किंगचं दुमजली तळघर इतकं खोल कुठे असतं?

शिवाय माती सगळी सारखी हलत नाही. वरचा थर खालच्यापेक्षा जास्त सरकतो, आणि त्यात गाडलेली काँक्रीटची पेटी, म्हणजे स्टेशन किंवा तळघर, बोटांनी दाबलेल्या रिकाम्या काड्यापेटीसारखी तिरकी होते.

दाइकाईचं नेमकं तेच झालं. छतावर ४.८ मीटर माती, तिचं ओझं मधल्या खांबांवर. १९६०च्या दशकातल्या त्या डिझाइनमध्ये भूकंपाचा हिशेबच नव्हता. खांबांतल्या उभ्या सळ्या भक्कम होत्या. त्यांना बांधणाऱ्या रिंगा मात्र फक्त ९ मिलिमीटरच्या, तब्बल ३५ सेंटीमीटर अंतरावर. म्हणजे दीड वीत! खांब तिरके झाले, काँक्रीट फुटलं, सळ्या बाहेर फुगल्या आणि ३५ पैकी ३० हून अधिक खांब चिरडले. छत मधोमध खाली आलं.

स्टेशन पुन्हा बांधलं, तेव्हा मधले खांब पोलादी नळ्यांचे केले.

आज मुंबई-पुण्यात टॉवरखाली दोन-दोन, तीन-तीन तळघरं खोदली जातात. भिंती जाडजूड असतात, वॉटरप्रूफिंगवर चर्चा झडतात. माझ्या मते खरी नजर खांबांच्या रिंगांवर हवी. आयएस १३९२० या भूकंपरोधक काँक्रीटच्या मानकाप्रमाणे खांबाच्या वरच्या आणि खालच्या टोकाशी रिंगांमधलं अंतर १० सेंटीमीटरपेक्षा जास्त चालत नाही. रिंगेचा हूकही १३५ अंशांत आत वळवलेला लागतो, कारण ९० अंशांचा हूक वरचं काँक्रीट निघालं की उघडतो. खांबाचं शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लागण्याआधी हे टेप लावून कुणालाही तपासता येतं. काँक्रीट पडल्यावर काहीच दिसत नाही.