डोरोथीचे केस आणि न दिसलेला किडा

‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या १९३९ सालच्या चित्रपटातील चुका मोजण्याची हौस अनेकांना असते. मला मात्र त्या चुका कुठून आल्या, यात अधिक रस आहे, कारण तिथल्या बऱ्याच विसंगतींमागे चित्रीकरणाच्या किंवा संकलनाच्या काळातील एखादी घडामोड दडलेली आहे.

कथेची नायिका डोरोथी हिला शेतात बोलणारे बुजगावणे भेटते, तो प्रसंग घ्या. डोरोथीचे केस एका शॉटमध्ये जेमतेम खांद्याला टेकतात, तर दुसऱ्यात बरेच खाली उतरतात. म्हणजे आपल्याला सलग वाटणारे ते संभाषण प्रत्यक्षात तुकड्यातुकड्यांनी चित्रित झालेले आहे. दिग्दर्शकही बदलत गेले. रिचर्ड थॉर्प यांना सुमारे दोन आठवड्यांतच दूर करण्यात आले. मग थोडे दिवस आलेल्या जॉर्ज क्यूकर यांनी डोरोथी साकारणाऱ्या जूडी गार्लंडचा सोनेरी टोप आणि भडक रंगभूषा उतरवली. पुढे व्हिक्टर फ्लेमिंग यांनी बहुतेक चित्रपट पूर्ण केला, आणि ते दुसऱ्या चित्रपटाकडे गेल्यावर कॅन्ससमधील, म्हणजे डोरोथीच्या घरची दृश्ये किंग व्हिडॉर यांनी घेतली. झटपट छायाचित्र देणारा कॅमेरा १९४८ साली बाजारात आला. तोपर्यंत केस, कपडे आणि हातातल्या वस्तू जुळवण्याची सगळी भिस्त टिपणांवर आणि धुऊन आलेल्या छायाचित्रांवर होती.

याउलट, तपकिरी छटेत दिसणाऱ्या घराचे दार उघडून डोरोथी ऑझच्या रंगीत जगात पाऊल टाकते, त्या शॉटमधली अदलाबदल सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तो शॉट रंगीत फिल्मवरच घेतलेला असून घराचा आतला भाग तपकिरी रंगाने रंगवला होता. तपकिरी पोशाखातली, पाठमोरी बदली कलाकार दार उघडते आणि बाजूला सरते. मग निळ्या पोशाखातली गार्लंड पुढे येते. या चित्रपटातील सर्वांत देखणी लबाडी हीच, असे माझे मत आहे.

चेटकीण आपल्या उडत्या माकडांना सांगते, की डोरोथी आणि तिच्या तिघा सोबत्यांचे अवसान गाळायला मी एक छोटासा किडा पुढे पाठवला आहे. हा किडा अखेरपर्यंत दिसत नाही. या किड्यावरचे ‘द जिटरबग’ हे गाणे प्रदर्शनापूर्वीच्या प्रायोगिक खेळांनंतर कापले गेले, त्याबरोबर किडाही गेला. संवाद तेवढा राहिला. हे चौघे ज्या जंगलातून जात असतात, तिथे बुजगावण्याच्या हातात चक्क पिस्तूल दिसते, आणि पुढे तेही नाहीसे होते.

बुजगावण्याने पदवी मिळताच सांगितलेला त्रिकोणाचा सिद्धांत तर साफ चुकीचा आहे. हाती आली ती पदवी, बुद्धी नव्हे, असा टोमणा त्यात वाचायला मला आवडतो.

डोरोथीचा दुसरा सोबती असलेल्या टिनच्या माणसाच्या भूमिकेची कथा मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आधी बुजगावण्याच्या भूमिकेसाठी निवडलेले अभिनेते बडी एब्सेन यांनी रे बोल्जर यांच्याशी भूमिकांची अदलाबदल केली. चेहऱ्याला लावलेली ॲल्युमिनियमची पूड श्वासावाटे फुप्फुसांत गेल्याने एब्सेन यांना रुग्णालयात हलवावे लागले. त्यांच्या जागी आलेल्या जॅक हेली यांच्यासाठी पुडीऐवजी लेप वापरला गेला. पण गाणी आधीच ध्वनिमुद्रित झाली होती. त्यामुळे पिवळ्या विटांच्या रस्त्यावरून सगळे मिळून जादूगाराकडे निघतात, तेव्हा पडद्यावर हेली चालत असतात आणि समूहस्वरात एब्सेन यांचा आवाज मिसळलेला असतो.