ओझं दिसलं पाहिजे

मंडळी, विषय जाहीर झालाय तो कोकण रेल्वेच्या रो-रो गाडीचं छोटं मॉडेल बनवण्याचा. रो-रो म्हणजे भरलेले ट्रकच सपाट वाघिणींवर, म्हणजे मालडब्यांवर, चढवून नेणारी गाडी. त्याकडे येतोच. पण वाघिणीवर चढवायचा ट्रक आधी ट्रक दिसायला हवा, आणि घोडं तिथेच अडतं.

घोळ खरं तर शब्दापासूनच आहे. अमेरिकेतले रेल्वेवाले 'ट्रक' म्हणतात डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याला. आपली रेल्वे त्याला बोगी म्हणते, आणि आपले प्रवासी अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतात! तेव्हा तिकडून 'एचओ ट्रक' मागवलेत आणि खोक्यातून नुसती चाकं निघाली, तर दुकानदाराशी भांडू नका.

एचओ हे मॉडेल रेल्वेचं एक प्रमाण, म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. नऊ मीटरचा ट्रक १०३ मिलिमीटर भरतो. खेळण्यांच्या दुकानातला १:६४ चा तोच ट्रक १४१ भरेल, म्हणजे स्टेशनमास्तरच्या खोलीपुढे हत्ती उभा. पट्टी घेऊन दुकानात जा. लाज वाटायचं कारण नाही.

जुना टाटा हवा असेल तर युरोपातल्या आखूड नाकाच्या मर्सिडीज ट्रकच्या मॉडेलवरून सुरुवात करा. टाटांचा डाइमलर-बेंझशी करार १९५४ चा, त्यामुळे चेहऱ्यात नातं आहे. फक्त स्टिअरिंग डावीकडे असतं. ते कापून उजवीकडे चिकटवा. काचा लावताना सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने काच पांढरी पडते. पातळ केलेला फेव्हिकॉल पुरतो. मागचा हौदा अर्ध्या मिलिमीटरच्या स्टायरीनचा, म्हणजे प्लास्टिकच्या पत्र्याचा, रुंदी २८ मिलिमीटर. फळ्यांच्या रेघा टोकदार सुईने ओढा. जुना रंग काढायला नायट्रो थिनर वापरलात, तर रंगाबरोबर केबिनही जाईल.

आता माझी तक्रार. नव्वद टक्के मॉडेल ट्रक रिकामे असल्यासारखे उभे असतात! हौद्यात माल रचलाय, ताडपत्री घातलीय, आणि मागचे स्प्रिंगचे पाटे मात्र नुकतंच शोरूममधून आल्यासारखे ताठ. ओझं हौद्यात दिसत नाही हो, ते चाकांपाशी दिसतं. मागच्या आसाचं भोक बुजवा आणि अर्धा मिलिमीटर वर नवं पाडा, ट्रक तेवढा बसतो. मग मागच्या टायरांचा तळ ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर हलकेच घासा. पाव मिलिमीटर, बास. जास्त घासलंत तर पंक्चर दिसेल. पुढची चाकं थोडी वळवलेली ठेवा. टायर काळाकुळकुळीत नको, गडद राखाडी हवा.

ऊस भरायचा तर केरसुणीच्या बारीक काड्या घ्या. खराट्याचे हीर घेतलेत तर उसाऐवजी वासे दिसतील. विटा हव्यात? एक वीट २.६ मिलिमीटर लांब. ज्याला कापत बसायचंय त्याने बसावं. ताडपत्रीला टिश्यू पेपरचा एकच पदर, फेव्हिकॉल-पाणी निम्मेनिम्मे. दोरीसाठी शिवणाचा दोरा आधी फेव्हिकॉलमधून ओढून घ्या, नाहीतर त्याला लव सुटते. लिंबू-मिरचीबद्दल दर वेळी कुणीतरी विचारतंच. लिंबू अर्ध्या मिलिमीटरचं होतं. हौस असेल तर लावा.

शेवटचा हात मॅट वॉर्निशचा, पण पावसाळ्यात फवारू नका, हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढरा ढग येतो. कोकणची धूळ हवी तर विटकरी खडू खरवडून कोरड्या ब्रशने चाकांपासून वर लावा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर रो-रो. ही सेवा १९९९ पासूनची. लेआउटवर, म्हणजे आपल्या मॉडेलच्या रुळांवर, धातूचा ट्रक वाघिणीवर ठेवलात की भार वर जातो आणि वळणावर वाघीण आडवी होते. ट्रक प्लास्टिकचाच घ्या, वजन वाघिणीच्या तळाला लावा. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेचा वजनाचा ठोकताळा एक औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस, म्हणजे सहा इंची वाघिणीला चार औंस, साधारण ११३ ग्रॅम. ट्रक चिकटवू नका. पोटात एक मिलिमीटरची तार बसवा आणि वाघिणीत भोक पाडा, म्हणजे उतरवता येतो. चाकांपुढे-मागे मिलिमीटरभर जाडीच्या पट्टीचे तुकडे अडवा. बोगद्यातून न्यायच्या आधी ट्रकच्या मापाचा पुठ्ठा वाघिणीवर उभा करून फिरवा. तो कुठे घासला ते पाहून मगच ताडपत्रीची उंची ठरवा.

आणि केबिन रिकामी ठेवू नका. रो-रोवर ड्रायव्हर-क्लीनर ट्रकमध्येच बसून जातात. त्यातल्या एकाला आडवा करा, प्रवास लांबचा आहे.