उतारावर तेल कुठून जाणार?

नमस्कार श्रोतेहो. आज मोटारसायकलींबद्दल बोलणार आहे. 1976 साली, तेविसाव्या वर्षी, पहिली गाडी घेतली. आता सत्तरी उलटली, तरी इंदूरच्या रामबागेतून राजवाड्याला मी दुचाकीनेच जातो. मधल्या वर्षांत जावा, बुलेट, हीरो होंडाची सीडी हंड्रेड आणि स्प्लेंडर अशा चार गाड्या झाल्या. त्यातली जावा अजून अंगणात उभी आहे, आणि गोष्टही तिचीच सांगायची आहे.

मैसूरच्या कारखान्यात या गाड्या 1961 पासून बनत. माझी सेकंड हँड, मरून रंगाची. सिलिंडर एकच, 250 सीसीचा, पण सायलेन्सर दोन. किकची दांडी आत दाबून पुढे फिरवली की तीच गिअरची दांडी व्हायची. गाडी टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचं तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. छावणीतला माझा मिस्त्री लिटरला 40 मिली सांगायचा. तेल पेट्रोलमध्येच, एवढं ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

1979 चा कार्तिक. आईला ओंकारेश्वरला नर्मदेत दिवे सोडायचे होते. बस होती, पण मीच म्हटलं, आई, गाडीवर जाऊ. पहाटे अंधारात निघालो. आई नऊवारीत, एका बाजूला पाय टाकून बसलेली, एक हात माझ्या खांद्यावर, मांडीवर दशम्या-चटणीची पिशवी. सिमरोल मागे पडलं, आणि भेरूघाट लागला. इथे माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता वळणं घेत निमाडात उतरतो. पेट्रोल वाचवायचं म्हणून मी अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पूर्ण बंद केली आणि गाडी सेकंड गिअरमध्ये उतारावर सोडून दिली.

दोन-तीन वळणांनंतर आवाज बदलला. जावाचा आवाज कसा भरलेला असतो, तो पातळ झाला, कोरडा झाला. मला ऐकू आलं, पण अर्थ कळला नाही. पुढच्या क्षणी मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि फरफटायला लागलं. क्लच दाबला म्हणून वाचलो. गाडी कडेच्या दगडांपाशी थांबली. किक हलेना. इंजिन जाम.

आई उतरली, पदर सारखा केला आणि गाडीजवळ येऊन वास घेतला.

"मशीन कोरडं पडलं की असाच वास येतो," ती म्हणाली.

आईकडे पायाने चालवायचं शिलाई मशीन होतं. अख्ख्या गल्लीचे ब्लाउज ती शिवायची आणि दर शनिवारी मशीनला तेल घालायची. (जाता जाता सांगतो, घरोघरची शिलाई मशीनं गेली हे फार वाईट झालं. माझ्या नातवंडांना बटण लावता येत नाही. प्रत्येक घरात एक मशीन हवंच, मुलगा असो की मुलगी, चालवता यायला हवं.) तर आईने विचारलं,

"याला तेल कुठे घालतोस?"

"पेट्रोलमध्ये, आई. पेट्रोलबरोबरच आत जातं."

"आणि उतारावर पेट्रोल देत होतास का?"

"नाही. मूठ बंद होती."

"चाक तर फिरत होतं. आतलं यंत्रही फिरत होतं. मग तेल कुठून जाणार, बाळ?"

श्रोतेहो, मी इंजिनिअरिंगच्या कारखान्यात नोकरी करणारा माणूस, आणि हे मला सुचलं नव्हतं. चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईला घाटातल्या दगडावर बसून सुचलं.

तासभर थांबलो. दशम्या खाल्ल्या. इंजिन गार झाल्यावर गाडी गिअरमध्ये टाकून पुढे-मागे ढकलली, तसं चाक सुटलं. तिसऱ्या किकला गाडी बोलली. पुढचा उतार मी हळू उतरलो आणि दर वळणाआधी आईचं बोट पाठीवर टेकायचं. मूठ पिळ, अशी ती खूण. मोरटक्क्याचा पूल ओलांडला, संध्याकाळी दिवे सोडले. परत आल्यावर मिस्त्रीने सिलिंडर खोलला. पिस्टनवर उभे ओरखडे होते. त्याने कारणही तेच सांगितलं, आईचं.

ज्यांच्या घरी आजोबांची, वडिलांची जुनी टू-स्ट्रोक आहे, त्यांना पुन्हा सांगतो. लांब उतारावर मूठ पूर्ण बंद ठेवू नका. मधूनमधून क्लच दाबून थोडी मूठ पिळा, म्हणजे पेट्रोलबरोबर तेल आत जाईल. आणि कान उघडा ठेवा. आवाज कोरडा वाटला की लगेच क्लच. म्हणून तर सायलेन्सर काढून बुलेट फिरवणाऱ्या मुलांचा मला राग येतो. शेजाऱ्यांना त्रास होतो तो होतोच, पण त्या गदारोळात स्वतःच्या इंजिनाचं दुखणं त्यांना ऐकू कसं येणार?

मैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद झाला. पुढे 2018 साली जावा हे नाव परत आलं आणि त्या गाड्या आपल्या पीथमपुरात बनू लागल्या. मी मुद्दाम जाऊन एकीचा आवाज ऐकला. सायलेन्सर अजून दोनच, पण इंजिन फोर-स्ट्रोक. आवाज चांगला आहे, वेगळा आहे.

बुलेटबद्दल बोलायला वेळ उरला नाही. तिचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. जावावरून तिच्यावर आलो तेव्हा पायांना नवं वळण लावायला महिना गेला. अँपिअर मीटरचा काटा मधोमध आणायचा, सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर दाबायचा आणि मगच किक. घाई करणाऱ्याला ती पोटरीवर मारायची.

1989 मध्ये सीडी हंड्रेड घेतली. ती फोर-स्ट्रोक. तेल इंजिनात खाली वेगळं असतं, मूठ बंद असली तरी पिस्टनला मिळत राहतं. हे मी आईला समजावून सांगितलं होतं. तिने मान डोलावली होती. पण त्यानंतर आम्ही जेव्हा जेव्हा भेरूघाट उतरलो, तेव्हा प्रत्येक वळणाआधी तिचं बोट माझ्या पाठीवर टेकलं, आणि प्रत्येक वेळी मी क्लच दाबून मूठ पिळली.