जीन बंद नाही करायचा, हळू करायचा

हा फ्लास्क बघा. आत गुलाबी दिसतंय ते मीडियम, म्हणजे पेशींच्या खाऊचं पाणी, आणि तळाला चिकटून बसल्यात माणसाच्या पेशी, नुसत्या डोळ्यांनी दिसायच्या नाहीत. या हीला पेशी. 1951 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून घेतलेल्या, तेही त्यांना न विचारता. बाई त्याच वर्षी गेल्या, पेशी अजून वाढतायत. 37 डिग्री, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि वेळच्या वेळी खाऊ, बस. मीडियम पिवळं पडलं की बदलायची वेळ झाली. आपल्याकडे पुण्यात एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेत पेशींची अख्खी बँक आहे, देशभरातल्या लॅब तिथून सेल लाइन, म्हणजे अशा वाढतच राहणाऱ्या पेशी, मागवतात.

आता यातला एखादा जीन काय काम करतो ते शोधायचं, तर तो उडवून टाकायचा, म्हणजे नॉकआऊट. पण काही जीन उडवले की पेशीच मरते, मग बघणार काय, कपाळ? तिथे नॉकडाऊन. पंख्याची वायर कापायची नाही, रेग्युलेटर पाचवरून एकवर आणायचा.

हे सुचलं कसं, तर 1990 मध्ये अमेरिकेत पेटुनियाची फुलं अजून गडद जांभळी करायला रंगाचा जादा जीन घातला आणि झाडाला फुलं आली चक्क पांढरी! पुढे 1998 मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका बारक्या जंतावर काम करून दाखवलं की दुपदरी आरएनए, म्हणजे डीएनएचाच चुलतभाऊ असलेला रेणू, घातला की त्याच्याशी जुळणारा जीन गप्प होतो, 2006 चं नोबेल त्यालाच. माणसाच्या पेशीत मात्र लांबलचक दुपदरी आरएनए गेला की तिला वाटतं व्हायरस घुसला आणि ती सगळं कामच आवरतं घेते. 2001 मध्ये थॉमस टुशल यांच्या टीमने त्याच दुपदरी आरएनएचा 21 अक्षरांचा छोटा तुकडा वापरला, त्याने पेशी बिथरली नाही. जीन आहे तिथेच राहतो, त्याचा प्रोटीन बनवायचा निरोप घेऊन निघालेला एमआरएनए तेवढा वाटेत कापला जातो.

पण हा तुकडा काही दिवसच टिकतो, पेशी वाढत जातात आणि तो पातळ होत जातो. कायमची लाइन हवी तर तुकडा बनवायची रेसिपीच लेंटीव्हायरस नावाच्या विषाणूमधून पेशीच्या डीएनएत बसवायची, सोबत प्युरोमायसिन या पेशी मारणाऱ्या औषधापासून वाचवणारा जीनही, मग प्युरोमायसिन घालायचं, ज्यांच्यात रेसिपी गेली नाही त्या दोन-तीन दिवसांत मरून तरंगायला लागतात.

आणि इथेच लोक खूश होऊन फसतात. एमआरएनए मोजला, 80 टक्के उतरला, पेढे वाटले, आणि वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रोटीन किती आहे ते दाखवणाऱ्या चाचणीत, प्रोटीनची पट्टी होती तेवढीच जाड! आधी बनलेलं प्रोटीन कित्येक दिवस टिकतं हो, ते कुठे जाणार? शिवाय तुकडा भलत्याच जीनला जाऊन चिकटू शकतो, म्हणून एका जीनसाठी दोन-तीन वेगवेगळे तुकडे लावायचे आणि सोबत तुलनेला, कुठल्याच जीनला न चिकटणारा एक तुकडा, म्हणजे कंट्रोल. माझ्या मते कंट्रोल नसलेला नॉकडाऊन बघूच नये.

त्यात जीन पेशीच्या गरजेचा असेल तर ज्या पेशींनी नॉकडाऊन झुगारलाय त्या भराभर वाढतात आणि दोन महिन्यांनी फ्लास्कभर त्यांचंच राज्य. म्हणून सुरुवातीच्याच पेशी, गोठताना मरू नयेत म्हणून डीएमएसओ हे द्रव घालून, लिक्विड नायट्रोजनमध्ये, उणे 196 डिग्रीला, ठेवून द्यायच्या.

ही बघा, तीच व्हायल, म्हणजे गोठवलेल्या पेशींची छोटी कुपी, बाहेर काढली. आता 37 डिग्रीच्या पाण्यात मिनिटभर हलवायची, बर्फाचा शेवटचा खडा उरेपर्यंत. लेबलवर पासेज 4, म्हणजे पेशी चारदा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्यात, असं लिहिलंय, जीनचं नाव मात्र पुसलं गेलंय.