भरवशाची बस

(दृश्य : नाशिकचा द्वारका चौक, सकाळी साडेनऊ. उड्डाणपुलाखाली चारही बाजूंनी आलेली वाहने.)

द्वारकेला सिग्नलपेक्षा समोरच्या वाहनाच्या पुढच्या चाकाकडे लक्ष ठेवावे लागते, कारण ते चाक जिकडे वळेल तिकडे पुढचा अर्धा मिनिट ठरतो. मुंबई–आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता येथे एकत्र येतात. जुन्या नाशिकातून बाहेर पडणारे, पंचवटीतून येणारे आणि नाशिकरोडहून शहरात शिरणारे असे सगळेच याच चौकात मिसळतात. लांब पल्ल्याची वाहने डोक्यावरून निघून जावीत आणि खालचा रस्ता गावासाठी मोकळा राहावा, या हेतूने शहरातून जाणारा सुमारे ६ किलोमीटरचा उड्डाणपूल २०१३ मध्ये खुला झाला. मालट्रक वर गेले हे खरे, पण खाली मोकळी झालेली जागा मोकळी राहिली नाही. मोठ्या शहरांतील जलदगती मार्गांवर गर्दीच्या वेळेची वाहतूक रस्त्याच्या क्षमतेइतकी वाढतच जाते, असे अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्ये मांडले होते. त्याचा पडताळा पाहण्यासाठी नाशिककरांना परदेशी जाण्याची गरज नाही. येथे पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्गही बांधला गेला, पण लोक त्यात उतरले नाहीत. ते आजही हात आडवा करून वाहनांमधूनच रस्ता ओलांडतात.

द्वारकेच्या नावाने रोज बोटे मोडणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गाडीची किल्लीच का उचलतो आणि बसथांब्याकडे का वळत नाही, हा या माहितीपटाचा विषय आहे.

(दृश्य : दुचाकीवरून दिसणारा त्र्यंबक रस्ता.)

याचे पहिले उत्तर अंतरात आहे. शहराच्या मध्यावरील शालिमारपासून नाशिकरोडचे रेल्वे स्थानक साधारण ९ किलोमीटरवर आहे, सातपूरची औद्योगिक वसाहत त्याहून जवळ पडते, आणि सिडकोतील रहिवाशाला अंबडचा कारखाना जवळपास दारातच असतो. ही सगळी दुचाकीची अंतरे आहेत. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्याला लोकल टाळणे परवडत नाही. नाशिकमध्ये बस टाळणे सहज परवडते, म्हणून ती टाळली जाते.

दुसरे उत्तर हिशेबात आहे. गाडी एकदा दारात उभी राहिली की तिचा हप्ता, विमा, सर्व्हिसिंग आणि टायर यांचा खर्च रोजच्या फेरीवर कोणी लावत नाही. मोजले जाते ते फक्त पेट्रोल, आणि केवळ पेट्रोल मोजले तर कॉलेज रोडवरून सीबीएसपर्यंत, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत, जाणाऱ्या नवरा-बायकोला बसची दोन तिकिटे दुचाकीपेक्षा महाग पडतात. शाळकरी मूल सोबत असेल, तर प्रश्नच मिटला.

त्यामुळे गाडी चालवणे सुखाचे आहे असे मात्र नाही. महात्मा गांधी रोडवर भर दुपारी दुचाकी लावायची असेल, तर आधी दुसऱ्याच्या दोन दुचाकी सरकवाव्या लागतात. मागची पकड धरून गाडीचे शेपूट उचलावे, अर्धा हात बाजूला ठेवावे, मग पुढचे चाक वळवून आपली गाडी तिरकी घुसवावी, हे कौशल्य या रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येकाने कमावलेले आहे. हँडलमध्ये हँडल अडकते आणि शेजारच्या गाडीचा आरसा आपल्या दप्तराने फिरतो. काम आटोपून परत यावे, तो आपली गाडी भलत्याच रांगेत शेजारच्या गाडीच्या आधाराने उभी असते. ती मुळीच दिसली नाही, तर आधी चोरीची शंका येते आणि मग जवळचा दुकानदार टोइंगची गाडी येऊन गेल्याचे शांतपणे सांगतो. मोटारवाल्याची अडचण आणखी वेगळी असते. सराफ बाजार किंवा दहीपुलाच्या गल्ल्यांत मोटार नेण्यात अर्थ नाही, म्हणून ती दूर कोठेतरी लावून पुढे चालत जावे लागते. ज्या चालण्याला कंटाळून त्याने बस सोडली होती, तेच चालणे अखेर त्याच्या वाट्याला येते.

(दृश्य : शालिमारचा थांबा. उभे राहून मोबाइलकडे पाहणारे प्रवासी.)

आता बसकडे वळू. रेल्वे गावापासून दूर थांबल्यामुळे या शहराला सार्वजनिक वाहनाची गरज फार लवकर भासली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या नाशिकातून नाशिकरोड स्थानकापर्यंत घोड्यांनी ओढली जाणारी ट्राम सुरू झाली आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ती तोट्यात जाऊन बंद पडली. पुढे अनेक दशके शहरातील बस एसटी महामंडळाने चालवल्या, पण महामंडळालाही तोट्यापायी ही जबाबदारी नकोशी झाली. अखेर महापालिकेने स्वतःची परिवहन कंपनी स्थापन केली आणि ८ जुलै २०२१ रोजी सिटीलिंक या नावाने नवी सेवा रस्त्यावर आली. थोडक्यात, तोट्याचे कारण पुढे करून वाहन बंद करण्याची किंवा दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याची या मार्गावरील रीत जुनी आहे. सिटीलिंकलाही दरवर्षी कोट्यवधी रुपयांची तूट येते, आणि ती पालिकेच्या तिजोरीतून भरली जाते. या तुटीवर सभागृहात आणि वर्तमानपत्रांत जितकी चर्चा होते, तितकी उड्डाणपुलाच्या खर्चावर होत नाही. उड्डाणपुलाने तिकीट विक्रीतून आपला खर्च काढावा अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही. बसकडून मात्र ती रोज ठेवली जाते.

सिटीलिंकची रचना समजून घेतली, तर थांब्यावरील अनुभवाचा उलगडा होतो. बस ठेकेदाराच्या मालकीच्या आहेत आणि त्याला पैसे किलोमीटरप्रमाणे मिळतात. बसमध्ये पाच प्रवासी असोत की पन्नास, त्याच्या देयकात फरक पडत नाही. तिकिटांचे उत्पन्न परिवहन कंपनीकडे जाते. चालक बसच्या ठेकेदाराचा असतो, तर वाहक मनुष्यबळ पुरवणाऱ्या दुसऱ्या संस्थेचा. या पद्धतीत एक फायदा निश्चित आहे : प्रवासी मिळवण्यासाठी बसगाड्यांची आपसात शर्यत लागत नाही आणि गर्दी नसलेला मार्गही चालू ठेवता येतो. पण या साखळीत एका ठिकाणी वेतन थकले की सगळीच सेवा ठप्प होते. सेवा सुरू झाल्यापासून वेतनाच्या प्रश्नावर कर्मचाऱ्यांनी एकाहून अधिक वेळा काम बंद ठेवले आहे. अशा एका सकाळी महाविद्यालयाच्या परीक्षेला निघालेली मुलगी आणि कामाच्या पाळीला निघालेला कामगार थांब्यावर उभे राहिले, आणि बस येणार नाही हे त्यांना शेजारी उभ्या असलेल्या रिक्षावाल्याकडून कळले. असा एक दिवस गेला की पासधारक पुढच्या महिन्याचा पास काढण्याआधी विचार करू लागतो, आणि पुढच्या दिवाळीत त्या घरी हप्त्याने घेतलेली दुचाकी येते.

संपाचे दिवस थोडे असतात. रोजची चीड निराळी आहे. बराच वेळ बस येत नाही आणि मग एकाच मार्गाच्या दोन गाड्या मागोमाग येतात, हा अनुभव बसने फिरणाऱ्या प्रत्येकाला आहे. यामागे चालकाचा आळशीपणा असेलच असे नाही. पहिली बस एखाद्या चौकात काही मिनिटे अडकली की पुढच्या थांब्यावर तेवढ्या वेळात जास्त लोक जमतात. ते चढेपर्यंत आणि सुटे पैसे देऊन तिकीट घेईपर्यंत ती आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला मात्र रिकामे थांबे मिळत जातात, ती भराभर पुढे सरकते आणि शेवटी पहिलीला गाठते. वेळापत्रकात पंधरा मिनिटांच्या अंतराने असलेल्या या दोन गाड्या रस्त्यावर एक खचाखच भरलेली आणि एक रिकामी अशा एकमेकींना चिकटून धावतात, आणि तिसऱ्या गाडीसाठी पुन्हा बराच वेळ थांबावे लागते. पहिल्या बसला चौकात अडकवणाऱ्या वाहनांत बहुसंख्य कोणाची असतात, हे द्वारकेच्या दृश्यात आपण पाहिलेच आहे. बसला कंटाळून दुचाकी घेतलेला माणूसच बसला उशीर करतो, आणि त्या उशिरामुळे आणखी एक माणूस दुचाकी घेतो.

सिटीलिंकच्या ॲपवर बस कोठे आहे ते दिसण्याची सोय आहे, आणि ती उपयोगीही आहे. पण गाडी दोन थांबे मागे अडकून पडली आहे हे नकाशावर पाहत राहिल्याने पाळीची वेळ पुढे ढकलली जात नाही. सातपूर–अंबडच्या कारखान्यांत हजेरी मिनिटावर असते. बस दहा मिनिटे उशिरा धावते हे आधी ठाऊक असेल, तर माणूस दहा मिनिटे लवकर निघतो. ती कधी वेळेवर येते आणि कधी वीस मिनिटे उशिरा, याला मात्र काही उपाय नसतो. वेगाच्या बाबतीत बस दुचाकीला हरवू शकणार नाही आणि तशी तिची गरजही नाही. नाशिकच्या बसचा खरा पराभव भरवशाच्या बाबतीत झाला आहे, असे आमचे मत आहे.

दराचाही एक गमतीचा पेच आहे. मार्च २०२३ पासून एसटीच्या गाड्यांत महिलांना अर्धे तिकीट आहे, पण शहर बससेवेला ही सवलत लागू नाही. त्यामुळे सिन्नरला किंवा त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्या अनेक महिला समोर उभी असलेली शहर बस सोडून देतात आणि लालपरीची वाट पाहतात.

(दृश्य : शेअर रिक्षा. चालकाच्या शेजारी अर्ध्या बैठकीवर बसलेला प्रवासी.)

बस आणि दुचाकी यांच्या मधली जागा शेअर रिक्षाने भरून काढली आहे. तिला वेळापत्रक नाही, पण शालिमार, निमाणी, सीबीएस किंवा बिटको येथे ती सदैव उभी असते. मागे तिघे बसले तरी चालक निघत नाही. "पुढे या, लगेच निघतो," असे म्हणत तो आपल्या बैठकीवरून अर्धा सरकतो आणि चौथ्याला शेजारी घेतो. या चौथ्याचा एक गुडघा रिक्षाच्या बाहेर असतो, एका हाताने त्याने वरची दांडी धरलेली असते, आणि वळणावर चालकाचे कोपर त्याच्या बरगडीत बसते. नियम तिघांचाच आहे हे दोघांनाही माहीत असते. पुढच्या चौकात पोलीस दिसला तर हा चौथा शंभर पावले आधी उतरतो, चालत चौक ओलांडतो आणि पलीकडे पुन्हा त्याच रिक्षात बसतो. धोका पत्करूनही लोक या रिक्षाला पसंती देतात, कारण ती समोर दिसते आणि भरली की निघते. रिक्षाचालकाच्या वागण्यावर टीका करणाऱ्यांनी तिचा हा एक गुण बस नियोजनासाठी उचलायला हरकत नाही.

(दृश्य : नाशिकरोड–द्वारका रस्ता, वरून घेतलेले चित्रण.)

या गर्दीवर उत्तर म्हणून मेट्रो निओची घोषणा झाली होती. उन्नत मार्गावरून रबरी टायरच्या, विजेच्या तारेवर चालणाऱ्या लांब जोडबस धावणार होत्या, आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्रीय अर्थसंकल्पात त्यासाठी २,०९२ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. गंगापूर ते नाशिकरोड हा तिचा एक मुख्य मार्ग होता. जाहिरातीतील चित्रे देखणी होती, पण शहरात तिचा एकही खांब उभा राहिला नाही. दरम्यानच्या काळात जमिनीवरच्या बसला स्वतंत्र मार्गिका द्यावी, निदान थांब्यासमोरच्या जागेत रिक्षा आणि मोटारी उभ्या राहू देऊ नयेत, ही अगदी स्वस्त मागणी मागेच पडली. आज थांब्यापुढे वाहने उभी असल्यामुळे बस रस्त्याच्या मधोमध थांबते. आजीबाई खाली उतरून गाड्यांमधून वाट काढत तिच्यापर्यंत पोहोचतात आणि तोवर मागची सगळी वाहतूक हॉर्न वाजवत उभी राहते. वाहने नव्हे तर माणसे हलवण्यावर भर असावा, असे राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने २००६ मध्येच म्हटले आहे. थांब्यासमोरच्या बसभर जागेचा निर्णय मात्र दिल्लीत होत नाही. तो महापालिका आणि वाहतूक पोलिसांच्या हातात आहे.

बसला रस्त्यावर अग्रक्रम देणे नाशिकला मुळात जमतच नाही, असेही म्हणता येत नाही. २०१५ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात पर्वणीच्या म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवशी बाहेरगावची वाहने शहराबाहेरच्या वाहनतळांवर अडवली गेली, भाविकांना तेथून एसटीच्या गाड्यांनी आत आणले गेले, आणि पुढे सगळे घाटापर्यंत पायी गेले. पहिल्या पर्वणीला बंदोबस्ताचा अतिरेक झाला, भाविकांची फार पायपीट झाली आणि रहिवाशांना घरात कोंडल्यासारखे झाले, ही टीका तेव्हा झाली आणि ती रास्तच होती. तरीही खासगी वाहनाशिवाय प्रचंड गर्दी हलवता येते, हे त्याच दिवसांत सिद्ध झाले.

२०२७ च्या पर्वण्यांसाठी आता पुन्हा रस्ते, पूल आणि वाहनतळांची तयारी सुरू आहे. या तयारीत नाशिकरोड ते सीबीएस या एका मार्गावर जरी मोकळे थांबे, गर्दीच्या वेळी ठरावीक अंतराने सुटणारी बस आणि रात्रीच्या रेल्वेगाड्यांच्या वेळेशी जुळणारी शेवटची फेरी कायमची पदरात पडली, तर तिचा सर्वांत आधी लाभ घेतील ते पंचवटी एक्स्प्रेसचे पासधारक. मुंबईपर्यंतचा लांबचा प्रवास ते वर्षानुवर्षे रेल्वेने विनातक्रार करतात, कारण गाडी कधी सुटते ते त्यांना पक्के ठाऊक असते. घर ते स्थानक या उरलेल्या काही किलोमीटरसाठी मात्र ते पहाटे दुचाकी काढतात, दिवसभराचे पैसे भरून ती स्थानकाच्या स्टँडवर लावतात आणि रात्री उशिरा पुन्हा ढकलत बाहेर काढतात.