गॅरीचे पैसे

अमेरिकी टेलिव्हिजनवरचा नट गॅरी कोलमन, त्याची उंची १४२ सेंटिमीटर होती. मोठेपणीसुद्धा तेवढीच. त्याच्या कमाईची गोष्ट या उंचीपासूनच सांगावी लागते.

८ फेब्रुवारी १९६८ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, झायन गावात त्याचा जन्म झाला. तान्हेपणीच एका जोडप्याने त्याला दत्तक घेतलं. वडील फोर्कलिफ्ट चालवायचे, आई नर्सिंगच्या पेशात होती. मुलाला जन्मापासून मूत्रपिंडाचा आजार होता. पाचव्या वर्षी, १९७३ साली, पहिलं प्रत्यारोपण झालं. आजार आणि औषधं या दोहोंनी मिळून त्याची वाढ खुंटली. गाल गोबरेच राहिले. वय वाढत गेलं, चेहरा तिथेच थांबला.

आणि टेलिव्हिजनला नेमकं तेच हवं होतं.

३ नोव्हेंबर १९७८ला एनबीसी वाहिनीवर ‘डिफरंट स्ट्रोक्स’ सुरू झाली. न्यूयॉर्कमधल्या एका श्रीमंत विधुराच्या घरी दोन अनाथ कृष्णवर्णीय भाऊ राहायला येतात, अशी ही कथा. त्यातला धाकटा, अरनॉल्ड, म्हणजे गॅरी. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्याचं विनोदाचं टायमिंग मात्र मुरलेल्या नटाचं. थोरल्या भावाकडे डोळे बारीक करून बघत तो एक ठरलेलं वाक्य टाकायचा, आणि प्रेक्षक त्या वाक्याचीच वाट बघत बसायचे. लोकांना वाटायचं, पोरगं गोड आहे. ते गोड होतंच. पण ती हुशारी होती, मेहनत होती, आणि त्या मेहनतीच्या आगेमागे दवाखाना होता. १९८४ साली दुसरं प्रत्यारोपण झालं. तेही टिकलं नाही, आणि पुढचं आयुष्य डायलिसिसच्या आधाराने काढावं लागलं.

भरात असताना गॅरीला एका भागाचे १ लाख डॉलरपर्यंत मिळत होते. टेलिव्हिजनवरच्या बालकलाकारांत तेव्हा सर्वांत जास्त कमावणारा तोच. शेवटचा हंगाम एबीसी वाहिनीवर दाखवला गेला आणि मार्च १९८६मध्ये मालिका संपली. आदल्याच महिन्यात गॅरीला अठरा वर्षं पूर्ण झाली होती. कायद्याने पैसा स्वतःच्या हाती यायची वेळ झाली, आणि नेमका तेव्हाच पैशाचा झरा आटला.

इथे थोडं मागे जायला हवं. गॅरीच्या जन्माआधी तीस वर्षं हॉलिवूडने हेच पाहिलं होतं. चार्ली चॅप्लिनबरोबर पडद्यावर झळकलेला जॅकी कूगन मोठा झाला, तेव्हा त्याची लाखो डॉलरची कमाई आई आणि सावत्र वडिलांनी संपवत आणलेली होती. १९३८ साली त्याने दावा लावला. हाती आले साधारण १ लाख २६ हजार डॉलर. त्या प्रकरणातून १९३९मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांसाठी कायदा झाला. त्याला कूगनचंच नाव पडलं. पण त्यात मोठी फट होती. न्यायालयाची मंजुरी घेतलेल्या करारांनाच तो लागू व्हायचा. बाकी मुलांची कमाई कायद्याच्या नजरेत आईवडिलांची. ते पैसे राखायचे की खर्चायचे, हे घरातली मोठी माणसं ठरवणार.

गॅरीच्या नावाने ट्रस्ट होता. १९८९ साली त्याने स्वतःच्या आईवडिलांवर आणि माजी व्यवस्थापकावर खटला भरला. ट्रस्टमधल्या ३८ लाख डॉलरचा गैरव्यवहार झाला, असा त्याचा आरोप होता. एकविसाव्या वर्षी आईवडिलांसमोर कोर्टात उभं राहायचं. यात पैशाचं दुःख किती आणि बाकीचं किती, हे मोजायला वजनकाटा नाही. फेब्रुवारी १९९३मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने १२ लाख ८० हजार डॉलरचा निकाल दिला.

निकालाने संसार सावरला नाही. कामं तुटपुंजी मिळत होती. ज्याला लोकांनी कायम मूल म्हणून पाहिलं, त्याला मोठ्या माणसाची भूमिका कोण देणार? १९९८ साली तो कॅलिफोर्नियात सुरक्षारक्षकाची नोकरी करत होता. नोकरीसाठी बुलेटप्रूफ जाकीट घ्यायला एका मॉलमध्ये गेला असताना सही मागणाऱ्या एका बाईंशी वाद झाला आणि त्याने हात उगारला. ते चुकलंच. शिक्षा स्थगित ठेवून न्यायालयाने त्याला त्या बाईंच्या दवाखान्याच्या बिलाचे १,६६५ डॉलर भरायला सांगितले. एका भागाचे लाख डॉलर घेणाऱ्या मुलाच्या आयुष्यात ही रक्कम कधी काळी खिजगणतीतही नसती.

ऑगस्ट १९९९मध्ये त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा त्याने हिशेबनीस, पालक, एजंट, वकील अशी सगळ्यांकडे बोटं दाखवली, आणि त्या यादीत स्वतःलाही धरलं. मला गॅरी तिथे सर्वांत मोठा वाटतो.

पुढच्याच वर्षी, २००० साली, कॅलिफोर्नियातला सुधारित कायदा लागू झाला. मुलाची कमाई मुलाचीच, आणि ढोबळ मिळकतीतले १५ टक्के वेगळ्या ट्रस्ट खात्यात ठेवणं बंधनकारक. गॅरी तेव्हा एकतीस वर्षांचा होता.

२००३च्या कॅलिफोर्निया गव्हर्नर निवडणुकीत एका साप्ताहिकाने उपरोध म्हणून त्याला उभं केलं. १३५ उमेदवारांत तो आठवा आला. मतं १४,२४२. बातम्या झाल्या, हसू झालं. त्या गर्दीत तो एकच माणूस असा होता, ज्याला पैसा हातातून निसटतो कसा हे लहानपणापासून माहीत होतं. त्याला ते कुणी विचारलं नाही.

२००५ साली तो युटा राज्यातल्या सँटाक्विन गावी राहायला गेला. २००७मध्ये लग्न, २००८मध्ये घटस्फोट. मे २०१०मध्ये घरात पडून डोक्याला मार लागला, मेंदूत रक्तस्राव झाला आणि २८ मे रोजी प्रोव्होच्या रुग्णालयात तो गेला. बेचाळीस वर्षांचा होता. मागे राहिलेल्या मालमत्तेसाठीही दावे झाले. ते २०१२पर्यंत चालले.

एक गोष्ट मात्र पैशापलीकडची होती. गॅरीला लहानपणापासून रेल्वेचं वेड होतं. छोट्या रुळांवर धावणाऱ्या प्रतिकृती, डबे, स्टेशनं, बोगदे तो तासन्‌तास मांडत बसायचा. डेन्व्हर, टूसॉन, कॅलिफोर्निया, जिथे राहिला तिथे या गाड्या विकणाऱ्या छंदाच्या दुकानांत त्याने अर्धवेळ काम केलं. त्या गाड्यांच्या जवळ राहता यावं, म्हणून.