मजुरी मागणारे दोन मुलगे

मंडळी, येशूनं सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे बोधकथा, आपल्याला पाठ आहे: एका बापाचे दोन मुलगे, धाकटा वाटा घेऊन घर सोडतो, सगळं उडवून परततो; थोरला घरीच राहतो आणि भावाच्या स्वागतावर रुसतो. पण उपदेशात तो बहुतेकदा लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातल्या २४ व्या वचनाशी थांबतो: मुलगा परत आला, वासरू कापलं, आनंद झाला. येशू मात्र ३२ व्या वचनापर्यंत बोलतो. ती शेवटची आठ वचनं गाळली, की बापाचं प्रेम म्हणजे चुकलेल्याला माफी, एवढंच हाती उरतं. दाखला कुणाला सांगितलाय, तेही पाहा. 'हा पाप्यांबरोबर जेवतो' म्हणून कुरकुरणाऱ्या परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, आणि नियमशास्त्र शिकवणाऱ्या शास्त्र्यांना. थोरला मुलगा श्रोत्यांतच बसला होता.

आधी धाकट्याकडे येऊ. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायाप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे दोन भावांत धाकट्याला एक तृतीयांश. बाप हयात असताना त्यानं तो मागून घेतला आणि उडवला. डुक्कर अशुद्ध मानणाऱ्या यहुद्याच्या पोरावर डुकरं राखायची पाळी आली. तिथं त्यानं घरी जाऊन काय बोलायचं ते मनाशी जुळवलं. १८ आणि १९ व्या वचनांत त्याचे तीन भाग आहेत: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला मोलकऱ्यासारखं ठेवा. आता २१ वं वचन काढा. आपल्या मराठी बायबलात तिथं पहिले दोनच भाग आहेत. तिसऱ्याच्या जागी बाप दासांकडे वळून झगा, अंगठी आणि जोडा मागवतो. कबुली त्यानं ऐकून घेतली, मोलकरी व्हायची विनंती मात्र तोंडातच राहिली. आणि मिठी तर त्याही आधी, २० व्या वचनात आहे. पश्चात्ताप ही मिठीची किंमत आहे असं शिकवलं जातं, तेव्हा हा क्रम उलटा होतो. बापाच्या गळ्यात पडल्यावरच मुलाला खरी कबुली देता आली, असं मला वाटतं.

आता थोरला. 'इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, तुमची एकही आज्ञा मोडली नाही, पण मला कधी करडूसुद्धा दिलं नाही.' हाही हिशेब मजुरीचाच. घर न सोडलेला मुलगा घरातच मोलकरी होऊन राहिलाय. भावाला तो 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. बाप उत्तरात 'हा तुझा भाऊ' म्हणतो. आणि जसा बाप धाकट्याकडे धावला, तसाच भरल्या पंगतीतून उठून याचीही मनधरणी करायला बाहेर आला.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. अट नसलेलं प्रेम म्हणजे परिणाम पुसणं नव्हे. 'माझं जे आहे ते सर्व तुझंच आहे,' असं बाप थोरल्याला सांगतो, आणि वाटणी झालेली असल्यानं ते अक्षरशः खरं आहे. धाकट्याचा हिस्सा गेला तो गेलाच. त्याला नातं परत मिळालं, जमीन नाही. व्यसनातून परतलेल्या मुलाला घरात घ्या, शेजारी बसवून जेवू घाला. कपाटाची किल्ली त्याच दिवशी द्यायलाच हवी, असं हा दाखला म्हणत नाही.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा होताना आकाशातून देवाची वाणी येते: 'तू माझा परमप्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे.' मार्कानं तोवर येशूचा एकही चमत्कार, एकही उपदेश सांगितलेला नाही. मान्यता आधी, काम नंतर. आपल्या घरांत बोर्डाच्या निकालादिवशी नेमकं उलटं घडतं. पोरगं उंबऱ्यात असतानाच टक्के विचारले जातात, आणि आईबापांचा चेहरा त्या आकड्यावर ठरतो. तो चेहरा मुलं फार लवकर वाचायला शिकतात. त्या दिवशी आधी पाणी द्या, बसू द्या, आकडा त्याला सांगू दे. कमी असेल तर अभ्यासाचं बोलणं जरूर करा, पण दुसऱ्या दिवशी. कलस्सै गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल बापांनाच बजावतो की मुलांना चिरडीस आणू नका, नाहीतर ती खिन्न होतील.

आपल्या मंडळ्यांत धाकट्यांपेक्षा थोरले जास्त आहेत. दर रविवारी येणारी, गायनात उभी राहणारी, कधी तक्रार नसलेली मुलं. भटकलेल्यासाठी प्रार्थनासभा भरते. यांना मात्र 'शहाणा आहेस' यापलीकडे कुणी काही म्हणत नाही, आणि शहाणपणाची तीच त्यांना मजुरी वाटू लागते. त्यांनी काहीच मिळवलेलं नसेल अशा एखाद्या साध्या दिवशी त्यांना जवळ घेऊन सांगा: तू आमचा आहेस.